सिंगल की डबल? (बॉयलरबद्दल बोलतोय!)

मंडळी, घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरवलेल्या माणसाची अवस्था उपवर मुलासारखी होते. स्थळं भरपूर, प्रत्येकात काहीतरी चांगलं, प्रत्येकात काहीतरी खोट, आणि ज्याला विचारावं तो आपल्याच ओळखीतलं स्थळ पुढे करतो. रंग, ब्रँड, बटणं, चकाकी हे सगळं बाजूला सारलं की शेवटी प्रश्न एकच उरतो: आत बॉयलर किती आणि कसला? सिंगल, हीट एक्स्चेंजर, डबल, की बॉयलरच नसलेला थर्मोब्लॉक?

गेले तीन महिने आमच्या घरात याच विषयावर खल चालला होता. तो आता संपलाय, म्हणून या वीकेंडला त्याचा वृत्तांत. कॉफी न पिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात कॉफी कमी आणि वाफ जास्त आहे.

सुरुवात लग्नाच्या हॉलपासून करू. ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईत लग्नाला गेलेल्या प्रत्येकाला ते मशीन आठवत असेल. स्टीलचं उभं, चकचकीत पिंप, खाली गॅस, वर प्रेशरचं घड्याळ आणि बाजूला एक वाकडी नळी. मागे उभा असलेला मुलगा कपात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीची पूड टाकायचा, नळी आत बुडवायचा आणि खर्रर्र असा आवाज करत कपभर फेस उठवायचा. वरून चिमूटभर कोको. याला सगळे 'एक्स्प्रेसो' म्हणायचे, 'क्स' वर जोर देऊन. आमच्याकडे लग्न कसं झालं हे ठरवताना 'एक्स्प्रेसो ठेवली होती का' हा एक निकष असायचा. आईस्क्रीमच्या खालोखाल.

इटालियन माणसाला ही कॉफी दाखवली तर तो कपाळावर हात मारून घेईल. एस्प्रेसो म्हणजे बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून साधारण ९ बार दाबाने गरम पाणी ढकलणं. लग्नातल्या पिंपात यातलं काहीच नव्हतं. तो शुद्ध वाफेचा बॉयलर, त्याचं काम दूध तापवणं आणि फेसाळणं. पण घरगुती मशीनचा सगळा झगडा समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण ते पिंप फक्त अर्धं काम करतं, आणि ते झकास करतं. उरलेलं अर्धं काम अंगावर घेतलं की भानगड सुरू होते.

भानगड अशी. कॉफी काढायला पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सियस लागतं. जास्त तापलं तर कॉफी कडू, जळकी. कमी पडलं तर आंबट आणि पाणचट. म्हणजे उकळीच्या जरा खाली. दूध फेसाळायला मात्र कोरडी, जोरदार वाफ लागते, आणि ती हवी तर पाणी उकळीच्या बरंच वर न्यावं लागतं. किती वर? आपल्या घरच्या कुकरइतकं. शिट्टीच्या बेताला आलेल्या कुकरमध्ये वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो, आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. एस्प्रेसो मशीनचा वाफेचा बॉयलर साधारण याच दाबावर, किंवा थोड्या वरच्या दाबावर चालतो.

तर एकाच यंत्राला एकाच सकाळी ९३ अंशांचं पाणीही हवंय आणि १२० च्या वरची वाफही. बॉयलरचे सगळे प्रकार म्हणजे या एका पेचाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मजा नाही. तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी मशीनचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये एकेक कप काढणारं मशीन आणलं. या काळात कॉफीतून पाणी ढकलायचं कामही वाफेच्याच दाबावर चालायचं, म्हणजे दाब जेमतेम आणि पाणी मात्र अति गरम. अकिले गॅजियाने १९३८ मध्ये वाफेशिवाय कॉफी काढण्याचं पेटंट घेतलं, आणि युद्धानंतर त्याची लिव्हरची मशीनं आली. कॉफीवर सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला तो तेव्हापासून. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं 'ई-६१' आलं. त्या वर्षी युरोपातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून हे नाव. यात हाताच्या लिव्हरऐवजी पंप होता आणि आत हीट एक्स्चेंजर. आणि १९७० मध्ये फ्लॉरेन्सच्या ला मार्झोक्कोने 'जीएस' नावाचं दोन बॉयलरवालं मशीन काढलं. म्हणजे आज दुकानात 'लेटेस्ट' म्हणून जे आपल्या गळ्यात मारतात, त्याचं मूळ डिझाईन पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पण काही वेगळं नाही म्हणा.

आता स्थळं एकेक करून बघू.

पहिलं सिंगल बॉयलर. एकच छोटं भांडं, बहुतेक वेळा १०० ते ३०० मिलिलिटरचं, पण त्याला दोन तापमानं ठरवून दिलेली. आधी कॉफी काढायची, मग बटण दाबून भांडं वाफेच्या तापमानाला न्यायचं, मग दूध. त्यानंतर पुन्हा कॉफी हवी असेल तर पाणी सोडून भांडं थंड करायचं. मशीन स्वस्त, लहान, आत बिघडण्यासारखं कमी. पण दोन्ही कामं एकाच वेळी होणार नाहीत.

दुसरं हीट एक्स्चेंजर. एक मोठा बॉयलर, साधारण दीड-दोन लिटरचा, कायम वाफेच्या तापमानाला. त्याच्या पोटातून एक नळी जाते. कॉफीचं ताजं पाणी त्या नळीतून जाता जाता तापतं. बॉयलर १२० वर असला तरी पाणी आत थोडाच वेळ असल्यामुळे योग्य तापमानाला बाहेर येतं. एका हाताने कॉफी, दुसऱ्या हाताने दूध. खोट एवढीच की मशीन बराच वेळ नुसतं उभं राहिलं तर नळीतलं पाणी जास्त तापतं, आणि कॉफी काढण्याआधी ते थोडं सोडून द्यावं लागतं. किती सोडायचं याचा अंदाज हाताला बसावा लागतो.

तिसरं डबल बॉयलर. कॉफीला एक, वाफेला एक. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कॉफीचं तापमान एकेक अंशाने ठरवता येतं. किंमत, वजन, विजेची भूक, सगळंच वरचं.

चौथं थर्मोब्लॉक. बॉयलर नाहीच. तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या नागमोडी वाटेने पाणी जातं आणि जाता जाता तापतं. आपल्या इन्स्टंट गीझरचा चुलत भाऊ. नव्या मॉडेल्सना तापायला काही सेकंद लागतात. ज्याला सकाळी एकच कप घेऊन पळायचंय, त्याने पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल. वाफेचा जोर मात्र बेताचा असतो.

माझं मत आधीच ठरलेलं होतं: डबल. इंजिनियर माणूस, दोन कामं आहेत तर दोन स्वतंत्र प्रोसेस, यांनी एकमेकांत लुडबुड करायची नाही. डिझाईन म्हणून याच्याइतकं नेटकं दुसरं काही नाही. शिवाय नवं घर.

हे नव्या घराचं जरा सांगायला हवं. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या तीन मजली, दगडासारख्या भक्कम चाळी. वरळीत अशा १२१ होत्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यातच ओटा, मोरी, देव्हारा, माणसं. पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ ला दिल्या गेल्या, त्यात आमची एक होती. ५०० चौरस फूट. बायको पहिल्या दिवशी नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन येत होती. १६० चौरस फुटांत एस्प्रेसो मशीन हा विचारच कधी डोक्यात आला नव्हता. ठेवणार कुठे, पिठाच्या डब्यावर? आता स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, ओटा आहे आणि ओट्याचा एक कोपरा रिकामा आहे. त्या कोपऱ्यावर माझा डोळा होता.

आणि घरात आणखी एक जण आहे, ज्याला बॉयलर या विषयात माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त अनुभव आहे. बाबा.

बाबा वरळीच्याच एका कापड गिरणीत बॉयलर अटेंडंट होते. १९७१ ला लागले तेव्हा फायरमनच्या हाताखाली, मग सेकंड क्लासचं सर्टिफिकेट, मग फर्स्ट क्लास. बॉयलर चालवायला सरकारी परीक्षा द्यावी लागते हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? १९२३ चा इंडियन बॉयलर्स ॲक्ट होता, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या बॉयलर्स ॲक्टने घेतली. बॉयलर फुटला तर आजूबाजूचा मजला घेऊन जातो, म्हणून त्याच्यासमोर लायसनवाला माणूस हजर पाहिजे, असा नियम. गिरणीतला त्यांचा बॉयलर लँकेशायर पद्धतीचा, विटांच्या बैठकीत आडवा झोपलेला, दोन भट्ट्यांच्या नळ्या पोटात. सायझिंग खात्यात सुताला खळ लावून सुकवायला वाफ तिथून जायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबाही पडले. परत त्या गिरणीत गेले नाहीत. मधली दोन वर्षं आमच्या घरात फारशी बोलली जात नाहीत. नंतर एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत त्यांना बॉयलरवर जागा मिळाली आणि रिटायर होईपर्यंत ते तिथेच होते.

मी आपला लॅपटॉपवर डबल बॉयलरची आकृती उघडून बसलो होतो. ते मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"कॉफीचं मशीन, बाबा. आत दोन बॉयलर आहेत."

चष्मा लावला, आकृती पाहिली. मग मी त्यांना बाकीच्या आकृत्याही दाखवल्या. हीट एक्स्चेंजरच्या आकृतीशी आल्यावर ते हसले. "अरे, हा तर आमचा कॅलोरिफायर! उलटा केलाय फक्त."

कॅलोरिफायर म्हणजे हॉटेलात, हॉस्पिटलात आंघोळीचं पाणी तापवायची टाकी. टाकीत पाणी, आणि आतल्या वेटोळ्या नळीतून बॉयलरची वाफ जाते. कॉफी मशीनमध्ये नळीतून पाणी जातं आणि वाफ-पाणी बाहेर. मी तीन रात्री जागून जे समजून घेतलं होतं, ते त्यांना एका नजरेत कळलं. पुढचा अर्धा तास प्रश्न ते विचारत होते आणि मी शोधत होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय? आहे. पाणी संपलं तर काय होतं? त्यांच्या बॉयलरला फ्युजिबल प्लग असायचा, पाण्याची पातळी खाली गेली की तो वितळायचा आणि वाफ भट्टीत शिरून आग मंदावायची. घरच्या मशीनला त्याच्या जागी थर्मल फ्यूज असतो. पातळी कशी कळते? त्यांच्याकडे काचेची नळी, गेज ग्लास. इथे बॉयलरमध्ये एक धातूची काडी असते, पाणी तिला टेकलं की करंट वाहतो आणि मशीनला कळतं की भरलं.

"आणि वाफ किती लागणार रोज?"

इथे माझी गाडी अडली. वाफ किती लागणार, हा हिशेब मी केलेलाच नव्हता. मी तापमानाची अचूकता, पंपाचा प्रकार, बॉयलरचा धातू यांचं कोष्टक केलं होतं. त्यांनी बायकोला हाक मारली. "सूनबाई, सकाळी कोण किती कॉफी पितं?"

उत्तर सोपं होतं. मी एक काळी. ती एक दुधाची, साधारण दीडशे मिलिलिटर दूध. बाबांना एस्प्रेसो आवडत नाही, कडूझार लागते. त्यांना लग्नातली पाहिजे, दूध-साखर-पूड आणि वर कोको. आई चहा सोडणार नाही. म्हणजे एकूण एस्प्रेसो दोन आणि फेसाळलेलं दूध दोन कप. तेही सकाळच्या वीस मिनिटांत. नंतर दिवसभर काही नाही.

"बॉयलर कामाच्या मापाचा घ्यावा," बाबा म्हणाले. "दोन कपांसाठी दोन बॉयलर? आमच्या लाँड्रीत असं कोणी मागितलं असतं तर साहेबाने हाकलला असता."

आता हा मुद्दा नुसता बाबांचा शब्द म्हणून मान्य करायचा नाही, असं ठरवून मी आकडे मांडले. विजेपासून सुरुवात केली. दोन लिटर पाणी २७ अंशांवरून १२० वर न्यायला पाव युनिटच्याही आत वीज लागते. धातू तापायची आणि उष्णता वाया जायची वीज धरली तरी रोजचा फरक काही रुपयांचा. म्हणजे बिलाच्या नावाने मोठा बॉयलर नाकारता येत नाही. हा युक्तिवाद बाद. बाबांनाही तसं सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

पण वीज एवढ्यावर संपत नाही. घरातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉट देतं. सिंगल बॉयलर मशीन बहुधा यात किंवा याच्या काठावर बसतं. डबल बॉयलरमध्ये दोन्ही हीटर एकदम चालले तर दोन हजार वॉटच्या वर जाऊ शकतं, म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट पाहिजेच. आमच्या ओट्याजवळ असं सॉकेट एकच आहे, आणि त्यावर सकाळी मायक्रोवेव्हची मालकी आहे. मालकीण आई आहे. पुढचं समजून घ्या.

मग वेळ. मोठा बॉयलर आणि ई-६१ पद्धतीचं जड पितळी तोंड नीट तापायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. यावरचा सगळ्यांचा उपाय म्हणजे टायमरचं प्लग: पहाटे आपोआप चालू होईल, तुम्ही उठाल तेव्हा मशीन तयार. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, आणि बाबांचा चेहरा बदलला.

"म्हणजे सगळे झोपलेत आणि बॉयलर पेटलाय?"

मी समजावलं, दोन लिटरचं भांडं आहे, २५ लिटरच्या खालच्या भांड्याला तर कायदासुद्धा बॉयलर म्हणत नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, थर्मोस्टॅट आहे, फ्यूज आहे. सगळं खरं आहे, आणि ही मशीनं जगभर अशीच चालतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण माझ्या घरात बॉयलर पेटलेला असताना मी झोपणार नाही. सदतीस वर्षं नाही झोपलो."

यावर मी काही बोललो नाही. काही गोष्टी धोक्याच्या आकडेमोडीत बसत नाहीत. संपानंतर ज्या माणसाचं सगळं गेलं, त्याच्याकडे ते सर्टिफिकेट आणि ही शिस्त एवढंच उरलं होतं, आणि आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्याच्यावर झाली. त्याला टायमरच्या प्लगने निरुत्तर करून मला काय मिळणार होतं?

राहता राहिलं पाणी, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाबांचं एक वाक्य: "बॉयलर आगीने मरत नाही, पाण्याने मरतो." पाण्यातले क्षार तापल्यावर भांड्याला आतून चिकटतात. खार धरला की हीटरची उष्णता पाण्यात जात नाही, नळ्या बुजतात, व्हॉल्व्ह अडकतात. गिरणीत म्हणूनच पाणी मऊ करून घ्यायचे आणि तळाचा गाळ ठरावीक वेळाने ब्लोडाऊन करून फेकायचे.

मुंबईकर इथे नशीबवान आहेत. आपलं पाणी अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून येतं. ते पावसाचं, जमिनीखाली न मुरलेलं, म्हणून मऊ. मी एक टीडीएस मीटर मागवला, तो आल्यापासून बाबांच्या खिशात आहे. नळाचं पाणी सत्तरच्या आसपास दाखवतं. एका मित्राकडे उपनगरात टँकरचं पाणी येतं, तिथे सहाशेच्या वर गेलं. त्या पाण्यात कुठलाही बॉयलर काही महिन्यांत रडकुंडीला येईल.

मग आरओचं पाणी वापरावं का? इथे एक गंमत आहे, नीट ऐका. मघाशी सांगितलेली ती धातूची काडी आठवते? पाण्यातून वीज वाहते म्हणून तिला पातळी कळते. आणि वीज वाहते ती पाण्यातल्या क्षारांमुळे. फार शुद्ध पाणी घातलं तर काडीला पाणी लागलेलंच कळत नाही, आणि मशीन भरलेल्या बॉयलरमध्ये पाणी ओततच राहू शकतं. शिवाय क्षार नसलेलं पाणी धातूलाही खातं, आणि कॉफीही त्यात बेचव होते. म्हणजे क्षार फार असले तरी वाईट, अजिबात नसले तरी वाईट. हीट एक्स्चेंजर आणि डबल बॉयलरच्या वाफेच्या भांड्यात अशी काडी बहुतेक असतेच. साध्या सिंगल बॉयलरमध्ये नसते, कारण भांडं पंपानेच भरलेलं राहतं. त्यामुळे आरओवाल्या घरात मोठं मशीन घेणार असाल तर हे आधी तपासा. दुकानदार सांगणार नाही.

तर निकाल. आम्ही सिंगल बॉयलर घेतला. पितळी, पाव लिटरपेक्षा थोडा मोठा, पण पीआयडी असलेला. पीआयडीशिवायचा मी घेतला नसता, हे स्पष्ट सांगतो. साधा थर्मोस्टॅट म्हणजे चालू नाहीतर बंद, त्यात पाणी ठरलेल्या अंशाच्या खाली-वर दहा अंश सहज झोके खातं, आणि आज अमृत, उद्या काढा अशी कॉफी होते. पीआयडी किती फरक उरलाय, तो किती वेळ साचलाय आणि किती वेगाने बदलतोय हे तिन्ही बघून हीटर चालवतो. निकोलस मिनोर्स्की नावाच्या इंजिनियरने १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसाठी याचं गणित मांडलं, आणि आज ते माझ्या ओट्यावर बसलंय. डबल बॉयलरचा जो खरा फायदा मला हवा होता, तापमानावरची पकड, तो यातून बराचसा मिळाला. उरले ते दोन कामं एकदम करणं.

त्यावर उपाय हार्डवेअरचा नव्हताच, क्रमाचा होता. सिंगल बॉयलरला वैताग येतो तो कॉफी-वाफ-कॉफी-वाफ असं मागेपुढे करण्याचा. प्रत्येक फेरीला तापव, थंड कर, तापव. आपल्या भाषेत, कॉन्टेक्स्ट स्विचचा खर्च. मग बॅच करा ना! आमचा क्रम असा: आधी दोन्ही एस्प्रेसो पाठोपाठ. माझा मी लगेच पितो. मग वाफेचं बटण, साधारण मिनिटभर थांबायचं. पहिल्या वाफेवर बायकोचं दूध. भांड्याला थोडा दम खाऊ द्यायचा, आणि दुसऱ्या वाफेवर बाबांचा कप. बाबांच्या कपात एस्प्रेसो नाहीच, त्यामुळे परत खाली यायची गरज नाही. बॉयलर दिवसातून एकदाच वर चढतो. शेवटी पाणी सोडून भांडं पुन्हा भरून घ्यायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण वाफ काढून पातळी खाली गेलेली असते आणि उघडा हीटर जळू शकतो. सगळं मिळून आठेक मिनिटं.

मशीन तापायला पंधरा मिनिटं लागतात. बाबा गिरणीच्या सवयीने तसेही पाचला उठतात. स्विच तेच लावतात, आणि समोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात. शेवटचं पाणी भरायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलंय. त्यात कोणी हात घातलेला चालत नाही.

गणपतीत चाळीस माणसं आली तर काय, असं बायकोच्या भावाने विचारलं. चहा! चाळीस माणसांना घरचं डबल बॉयलरही पुरणार नाही. त्यासाठी लग्नातलं पिंपच लागतं.

तुमचं घर वेगळं, उत्तर वेगळं. म्हणून जाता जाता माझे तीन प्रश्न देतो. एक, सकाळी दुधाचे कप किती आणि किती मिनिटांत? दोनपर्यंत असतील तर पीआयडीवाला सिंगल बॉयलर पुष्कळ झाला. चार-पाच असतील आणि सगळ्यांना एकदमच घर सोडायचं असेल तर हीट एक्स्चेंजर, त्याला पर्याय नाही. रोज वेगवेगळ्या बिया आणून अंशा-अंशाचे प्रयोग करायचे असतील आणि दुधाचे कपही भरपूर असतील, तर डबल खुशाल घ्या. एकटेच असाल आणि घाईत असाल तर थर्मोब्लॉक. दोन, पाणी कुठलं? तीन, मशीन तापताना घरात जागं कोण असतं?

पहिले दोन प्रश्न मला कुठेही वाचायला मिळाले असते. तिसरा विचारायला फर्स्ट क्लास सर्टिफिकेट लागतं.

असो. वाचलेल्या पैशांतून चांगला ग्राइंडर घ्यायचाय. सपाट पात्यांचा की शंकूच्या आकाराचा, यावर बाबांचं मत अजून आलेलं नाही. गिरणीत ते त्या खात्यात नव्हते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. :-)